कोडलिंग्याचा भंडारा

२० सप्टेंबर २००४, सोमवार

शांभवीनं पुण्याहून धाडलेली ही वही महिनाभर कपाटात पडून होती. लेक आईला अव्वा म्हणते. तिचं म्हणणं, "अप्पा, अव्वा दिवसभर गावोगाव असते. तुम्ही घरात एकटेच बडबडत बसता, त्यापेक्षा लिहून काढा." म्हटलं बघू. गणपती बसलेत आणि आजच बसम्मानं अर्ज भरला, तेव्हा सुरुवात करायला दिवस चांगला आहे.

बसम्मा म्हणजे माझी बायको आणि गेली पाच वर्षं आमच्या तालुक्याची आमदार. आता दुसऱ्यांदा उभी आहे. मी प्रभुलिंग, बाजारपेठेत कापडाचं दुकान. तालुका तिला अक्का म्हणतो आणि मला अक्कांचे मालक.

हे सगळं सुरू केलं मीच. ब्याण्णव साली पंचायत समितीला मला उभं राहायचं होतं. त्यासाठी पांढरा शर्टसुद्धा शिवून ठेवला होता. ऐन वेळी आमचा गण बायकांसाठी राखीव झाला. मी म्हटलं, हरकत नाही, नाव तिचं, कारभार माझा. पहिल्या बैठकीला मी शेजारी बसून काय बोलायचं ते तिच्या कानात सांगत होतो. दुसऱ्या बैठकीला ती म्हणाली, "अवो, तुमी जरा भाईर बसा. तुमच्या बोलण्यात मला लोकांचं ऐकू येत न्हाय." तेव्हापासून मालक बाहेरच बसलेत, अशी लोक चेष्टा करतात. मी मनावर घेत नाही. पाया कुणी घातला ते मला ठाऊक आहे.

आज हलगी लावून मिरवणूक तहसील कचेरीकडे निघाली. मध्येच ही थांबली आणि रस्त्याकडेच्या भाजीवाल्या चिमणाबाईला विचारलं, "गुडघा कसा हाय गं?" झालं. चिमणाबाईनं गुडघ्याची अथपासून इतिपर्यंत हकीकत सांगितली आणि हिनं ती उभ्यानं ऐकून घेतली. प्रचारप्रमुख हंबीरराव घड्याळ बघून घामाघूम. मला मात्र अभिमान वाटला. खोटं कशाला लिहू, फार अभिमान वाटला.

२४ सप्टेंबर

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या प्रेसमधून पत्रकं आली. त्यावर पुढाऱ्यांचे नऊ फोटो आहेत, माझा नाही. हंबीररावांना विचारलं, तर म्हणाले, "जागाच उरली न्हाय हो मालक." नऊ टकली बसली, दहाव्यालाच जागा नाही?

बसम्माला दाखवलं, तर हसून म्हणाली, "तुमचा फोटो माझ्या पर्शीत हाय की."

ती आंघोळीला गेल्यावर पर्स उघडून बघितली. आहे खरा. लग्नानंतरच्या वर्षातला, मोठ्या कॉलरचा. मग पत्रकाचा विषय मी पुन्हा काढला नाही.

२ ऑक्टोबर

पितृपंधरवडा चालू आहे. कोण बरं ह्या दिवसांत निवडणूक लावतं? पण आमच्याकडे त्याचाही प्रचार होतो. ज्याच्या घरी म्हाळ, त्याच्या घरी दोन्ही उमेदवारांची माणसं पंगतीला. काल मी तीन घरी जेवलो. खीर, वडे, आमटी, परत खीर. पोट बिघडलं आहे, पण माघार नाही.

त्याआधी दोन दिवस मी मोठ्या कामगिरीवर होतो. आमच्या भागात निवडणूक होते पैपाहुण्यांवर. मतदाराचा सासरा, साडू, व्याही गाठायचा आणि त्याच्या तोंडून निरोप धाडायचा. हंबीरराव म्हणाले, "मालक, मलकापूर आणि राधानगरीचं पाहुणं तुमच्याशिवाय कुणाला जमणार न्हाईत." बसम्मानंही लगेच मान हलवली. एवढी नाजूक जबाबदारी माझ्यावरच का टाकली, ते उघड आहे.

राधानगरीचे पाहुणे म्हणाले, "आमचं तुमच्या तालुक्यात आता कोण ऱ्हायल्यालं न्हाय की." तरी भात खाऊन जा म्हणाले. असू दे, अशा ठिकाणचा धागा कुठे लागेल सांगता येत नाही.

मी तिकडे असताना चार गावं हातात असलेल्या भरमू पाटलाचा गट आमच्या घरी चहा पिऊन गेला म्हणे आणि पाठिंबाही देऊन गेला. मागच्या गणपतीत माझं त्याचं कडाक्याचं भांडण झालेलं. मी घरी असतो तर चांगलं सुनावलं असतं. संधी हुकली.

४ ऑक्टोबर

आज कोडलिंग्याला गेलो होतो. माझं जन्मगाव, सगळी भाऊबंदकी तिथली. मागच्या खेपेला अख्खं गाव हिच्या मागे होतं. आता फिरलं आहे.

भांडण पाण्याच्या टाकीचं. दोन वर्षांपूर्वी सरकारकडून एक टाकी मंजूर झाली. गावात विहिरी आहेत. डोंगरावरच्या धनगरवाडीत काही नाही, बायका ओढ्यातून घागरी चढवायच्या. बसम्मानं टाकी वाडीत बांधली. गाव म्हणालं, मतं घरच्यांची आणि पाणी दुसऱ्यांना? सगळ्यात जास्त चिडला तो माझा चुलतभाऊ चनबसाप्पा. गाव त्याच्या शब्दावर चालतं. दोन वर्षांत त्यानं आमचा उंबरा ओलांडलेला नाही.

मला बघून तो कट्ट्यावरून उठलासुद्धा नाही. "बसा पावणं," म्हणाला.

पावणं! ज्याला मी खांद्यावर बसवून जत्रेला नेलं, तो मला आण्णा सोडून पावणं म्हणतो. तासभर बसलो, पाण्याचा तांब्या काही बाहेर आला नाही. आमच्यात आल्यागेल्याला पाणी विचारलं नाही म्हणजे नातं संपलं.

मी टाकीचं समजावून सांगू लागलो, तर म्हणाला, "टाकी वर गेली, बरं झालं. त्या बाया आमी बगत न्हाय व्हय? पर वैनी सोता येऊन सांगितली का? कागुद आला. शिक्का मारल्याला कागुद! आमी काय परकं हाय?"

मी म्हटलं, "अरे, अधिवेशन चालू होतं." त्यानं तोंड फिरवून तंबाखू मळायला घेतली.

परत येताना हंबीरराव म्हणाले, "कोडलिंगे गेलं की सीट गेली, मालक." मला उपाय स्पष्ट दिसतो आहे. टाकी हवी आहे त्याला. टाकीचा शब्द दिला की झालं.

६ ऑक्टोबर

ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. कधीकधी वाटतं, पडावी.

आज दुपारी ती दोन घास खाण्यापुरती घरी आली. पोहे मीच केले. पाच वर्षांत मला पोहे, आमटी, भात सगळं यायला लागलं आहे. कुठल्या डब्यात काय हे आता तिला विचारावं लागत नाही, उलट तीच मला विचारते. अर्धी बशी संपली आणि हातात फोन तसाच धरून तिचा खुर्चीत डोळा लागला. मी हळूच चष्मा काढून ठेवला. पायांना भेगा पडल्यात. वाटलं, पडली तर संध्याकाळी घरी असेल, दोघं अंगणात बसू, मी दुकानातल्या गमती सांगेन.

पाच मिनिटांत फोन वाजला. कुठल्याशा वाडीवर बाळंतिणीला न्यायला गाडी मिळत नव्हती. ही चप्पल घालून निघालीसुद्धा, बशी तशीच ठेवून.

माझी मला लाज वाटली. अशी बाई पडावी म्हणतोस, गाढवा? कोडलिंग्याचं काय ते आता मीच बघतो.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

फत्ते झाली!

कुणाला न सांगता कोडलिंग्याला गेलो. घराघरातली कर्ती माणसं बिरदेवाच्या देवळात गोळा केली. गुरव आकारामला बेल आणि भंडारा काढायला लावला. देवासमोर हातात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घेऊन दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. पक्ष, गट, भांडण सगळं त्यापुढे फिकं. जुन्या निवडणुका अशाच निघायच्या.

आधी मी उचलला. म्हटलं, "अक्का निवडून आल्या की पहिली टाकी गावात." मग एकेकाला म्हटलं, उचला. काही जण घुटमळले. मी म्हटलं, "बिरदेवासमोर न्हाय म्हणणार काय?" देवाच्या तोंडावर नाही कोण म्हणणार? उचलला सगळ्यांनी.

चनबसाप्पा शेवटी राहिला. माझ्याकडे बराच वेळ बघत होता. "लय वंगाळ केलंसा पावणं," एवढंच म्हणाला आणि त्यानंही उचलला. अजूनही पावणंच. असू दे, मत दिल्याशी कारण.

हात पिवळेजर्द झालेत. मुद्दाम धुतले नाहीत. उद्या ती घरी आली की दाखवायचे आहेत.

९ ऑक्टोबर

दाखवले. नसते दाखवले तर बरं झालं असतं.

सकाळी ती जेवायला बसली होती, हंबीररावही होते. मी सगळी हकीकत रंगवून सांगितली. हंबीररावांनी तर मला मिठीच मारली. बारा वर्षांच्या राजकारणात पहिल्यांदा.

बसम्मा माझ्या हातांकडे बघत राहिली. "चनबसाप्पा भावजींनीबी उचलला?"

"उचलला की."

"खुशीनं?"

मी म्हटलं, "खुशीनं दिलं काय आणि रागानं दिलं काय, मशीनला काय कळतंय?"

तिनं ताट बाजूला सारलं. "मला कळतंय की."

ती कधी ओरडत नाही. ओरडली असती तर परवडलं असतं. म्हणाली, "मतासाठी मी दारोदार हात जोडीन, पाया पडंन. पर देवाच्या भ्यानं दिलेलं मत मला नको. उद्या चला माझ्यासंगं. भंडारा परत करायचा."

हंबीरराव रडकुंडीला आले. "अक्का, बुधवारी मतदान हाय. बिस्तरवारी सोडवा की. पाहिजे तर मी येतो नारळ घेऊन."

"मत घेऊन झाल्यावर सोडवायचं काय राहतंय, हंबीरराव?"

१० ऑक्टोबर, रविवार

तिनं आज दोन सभा रद्द केल्या आणि मला जीपमध्ये घालून कोडलिंग्याला नेलं.

देऊळ गच्च भरलं होतं. आकाराम गुरवाला तिनं विचारलं, भंडारा परत कसा करायचा? तो डोकं खाजवत म्हणाला, "अक्का, भंडारा उचलाय लावणारी लय बगितली. परत द्याया आल्याली तुमीच पैल्या. मला काय म्हाईत?" मग जरा विचार करून म्हणाला, ज्यानं उचलायला लावला त्यानं देवाच्या पायावर परत वाहावा आणि लोकांना मोकळं केलं असं तोंडानं म्हणावं.

म्हणजे मी. सगळ्या भाऊबंदांसमोर. भंडाऱ्याची वाटी देवाच्या पायावर रिकामी केली आणि म्हटलं, "मंडळी, तुम्ही मोकळे."

मग ती बोलली. माईक नव्हता, भाषण नव्हतं. "टाकी वाडीत बांधली ती माझी चूक न्हवती. आज परत बांधायची झाली तरी तितंच बांधीन. त्या बायांच्या डोक्यावरचं केस गेल्यात घागरी वाहून. माझी चूक झाली ती दुसरी. मी तुमची सून. मी सोता येऊन तुमच्यात बसून सांगायला पायजे हुतं. मी कागुद धाडला. त्येची माफी मागते." तिनं खाली वाकून उंबऱ्याला हात लावला. "मालकांनी टाकीचा शब्द दिलाय, त्यो त्येंचा. मी प्रयत्न करीन, शब्द देत न्हाय. बुधवारी मनाला यील ते बटन दाबा."

टाळी नाही, घोषणा नाही. चनबसाप्पा खांबाला टेकून उभा होता. पायरीपर्यंत आला, काहीतरी बोलायचं असावं, पण टोपी सारखी केली आणि निघून गेला. पाण्याला कुणी विचारलं नाही.

जीपमध्ये मी म्हटलं, "घालवलीस सीट."

"गेली तर गेली. आता तरी त्ये हात धुवा."

इतकी वर्षं दुकान केलं, आलेलं गिऱ्हाईक मी कधी परत जाऊ दिलं नाही. ही बाई गिऱ्हाईकाच्या हातात पिशवी दिलेली असताना म्हणते, नको असेल तर परत ठेवा. हे राजकारण नव्हे, हे मला कळतं. पण असं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही आणि ते माझ्या घरात राहतं.

१३ ऑक्टोबर, बुधवार

मतदान झालं. उद्या सर्वपित्री अमावास्या, हंबीरराव सकाळपासून त्यालाच शिव्या देत होते. बसम्मा सगळ्यांसारखी रांगेत उभी राहिली. पुढची बाई म्हणाली, अक्का तुम्ही व्हा पुढं. ही म्हणाली, "का? तुझ्या मतापेक्षा माझं मोठं हाय व्हय?"

मी बटण दाबलं. मशीन कुंई करून ओरडलं. पडावी असं म्हणणारा माझ्यातला तो त्या वेळी कुठे गेला होता कोण जाणे. बटण मी जरा जास्तच जोरात दाबलं.

१६ ऑक्टोबर, शनिवार

पडली.

दुपारपर्यंत पुढे होती. भरमू पाटलाच्या गावांनी भरभरून दिलं, धनगरवाडीचं तर जवळजवळ सगळं मत हिला. मग कोडलिंग्याची मशीनं उघडली. अख्ख्या तालुक्यात जेवढ्यानं पडली, त्याच्या दुप्पट फटका एकट्या कोडलिंग्यात बसला. भंडारा राहिला असता तर आज गुलाल आमच्या अंगावर असता. हे हिशेबाशिवायही कुणालाही कळेल.

हंबीरराव मंडपाच्या मागे जाऊन लहान पोरासारखे रडले. ही गुलालातून वाट काढत जिंकलेल्या उमेदवाराकडे गेली. तो तिच्या पाया पडला. तिनं त्याला सांगितलं, "वरच्या दोन वाड्यांच्या रस्त्याची फाईल टेबलावर हाय, तेवढी पुढं सरकव बाबा."

घरी येऊन म्हणाली, "अवो, भूक लागलीया." मी भात-आमटी वाढली. पाच वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवली. मला मात्र घास उतरेना. मी जे मागितलं होतं तेच देवानं दिलं, असं सारखं वाटत होतं.

१७ ऑक्टोबर, रविवार

सकाळपासून घर सुनंसुनं. फोन नाही, गाड्या नाहीत. ती अंगणात खुर्ची टाकून बसली होती, मी शेजारी. एवढ्या वर्षांनी ठरल्यासारखं झालं, आणि दोघांनाही काय बोलावं ते सुचेना. मी दुकानातली एक गंमत सांगितली. ती हसली, पण नजर फाटकाकडे.

दहाच्या सुमाराला मोटरसायकल थांबली. चनबसाप्पा! मी उठलो ते हाकलून द्यायलाच. तिनं माझा हात धरला.

तो पायरीवरच बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून. "वैनी, मी तुमास्नी मत दिलं न्हाय."

"म्हाईत हाय भावजी."

"गावानंबी माज्यामुळंच दिलं न्हाय. पर का, ते ऐकून घ्या. आण्णांनी देवळात भंडारा उचलाय लावला, त्येच्या चार दिस आदीच मी समोरच्या पार्टीला शब्द देऊन बसलो हुतो. रागाच्या भरात. त्यो शब्द मोडला तर चार माणसांत तोंड दावायची सोय न्हाय. भंडारा मोडला तर देवासमोर. दोन राती माज्या घरात कोण जेवलं न्हाय, वैनी. तुमी आला, माफी मागितलीसा. आमी वाट बगत हुतो ती त्येचीच. तितंच माजा राग गेल्ता. पर दिल्याला शब्द ऱ्हायला हुता. भंडारा तसाच ठिवला असता, तर मत तुमास्नीच दिलं असतं. पर परत ह्या दारात जल्मात पाय ठिवला नसता."

चार दिवस आधी, म्हणजे मी कट्ट्यावर टाकीचं समजावून आलो तोच दिवस. तेव्हा तो मला काय सांगत होता आणि मी काय ऐकून आलो! ही मात्र तिथं नसताना सगळं समजून होती. लोकांचं तिला ऐकू येतं ते असं.

चनबसाप्पानं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळला. "आण्णा, जरा पानी मिळंल का?"

मी घाईनं आत गेलो. तांब्याभर पाणी घेतलं, गुळाचा खडा घेतला. डबा कुठला ते शोधावं लागलं नाही, पण डोळ्यांत पाणी आल्यामुळे झाकण काही लवकर लागेना. त्यानं सगळा तांब्या एका दमात संपवला.

मग म्हणाला, "उद्या आमी चार जण कोल्हापूरला झेडपीत जाणार हाय, गावच्या टाकीसाठनं. तुमी चला की वैनी."

"मी आता आमदार न्हाय, भावजी."

"आमदार न्हाय, वैनी तर हायसा न्हवं?"

ती उठून उभी राहिली. पाच वर्षांच्या सवयीनं चष्मा आणि पर्स शोधायला लागली, जायचं उद्या आहे तरी. मी दोन्ही आणून दिलं. माझ्या अंगणातल्या संध्याकाळी गेल्या त्या गेल्याच. आणि मला त्याचं काही वाटलं नाही, उलट जीव हलका झाला.

आत जाता जाता वळून म्हणाली, "अवो, उद्या तुमीबी चला. आणि भाईर बसू नका, माझ्याशेजारी बसा."

ब्याण्णव सालचा पांढरा शर्ट ट्रंकेतून काढला आहे. पोटावर जरा घट्ट होतो. इस्त्री मारली की चालेल.